दगड उघडण्याचा दिवस

बाबांच्या कबरीवरचा दगड उघडायचा म्हणून आजूबाजूच्या सगळ्या बेटांवरून माणसं यायला लागली, आणि त्याच दुपारी घरात वादाला तोंड फुटलं.

ते फोडलं सॉलोमनने. मुख्य भूमीवरच्या केर्न्स शहरातून आल्यापासून तो गप्प होता. धक्क्यावर जायचा, होड्यांतून उतरणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्या वाहायचा, कुणी विचारलं तर "बरा आहे" म्हणायचा. त्याची थोरली बहीण तबिथा हे बघत होती आणि तिला ते ठीक वाटत नव्हतं. हा लहानपणापासून असाच. मनात काही शिजत असलं की हमाली करायचा.

मागच्या अंगणात बदामाखाली चटई टाकून तबिथा आणि आई दगडावर चढवायच्या सगळ्यांत आतल्या कापडाला फुलं टाकत होत्या. एफ्रेममामा उद्याच्या जेवणाच्या भट्टीसाठी खणलेल्या खड्ड्यात बसून दगड निवडत होता. तापल्यावर फुटणारा दगड तो नुसत्या आवाजावरून बाजूला काढायचा.

सॉलोमन येऊन उभा राहिला. "ताई, बोलायचंय. मामा, तूही ऐक."

"बस ना," आई म्हणाली.

तो बसला नाही. "उद्याचं कार्य पार पडलं की बाबांना इथून हलवू या. केर्न्सला दफनभूमीत उंचावर जागा बघून ठेवलीय मी. आजीलाही तिथेच नेऊ."

तबिथाच्या हातातली सुई थांबली. "उद्या दगड उघडायचा आणि परवा उपटायचा?"

"परवा कुठे म्हणालो? पुढच्या उधाणाच्या आत म्हणतोय."

खड्ड्यातून एफ्रेममामाने मान वर केली. "काय रे, तुझ्या बाबांना खाली ठेवलं ते कुणी?"

"तू."

"मग वर काढायचं की नाही ते कोण ठरवणार?"

बेटावर माणूस गेला की घरच्यांनी फक्त रडायचं असतं. आंघोळ घालायची, खड्डा खणायचा, खांदा द्यायचा, वर्षं गेली की दगड घडवून आणायचा आणि तो उघडून घराचं सुतक संपवायचं, हे सगळं मेहुण्याचं काम. एफ्रेममामा आईचा धाकटा भाऊ. या बाबतीत त्याच्या शब्दावर शब्द चढवायची कुणाची टाप नव्हती.

"मामा, तुझा मान आहेच," सॉलोमन म्हणाला. "पण समुद्र तुझा मान ठेवतोय का? आजीचा ठेवला का?"

गेल्या उधाणात समुद्राने आजीची कबर फोडली होती. पाणी ओसरल्यावर तबिथाच आधी पोहोचली होती. वाळूत विखुरलेली आजी तिने एकेक करून परकराच्या ओच्यात गोळा केली होती, आणि घरी येताना आपण रडतोय की मोठ्याने प्रार्थना म्हणतोय हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"मला ते कुठे कळलं माहितीये?" सॉलोमन आता तिच्याकडे बघत होता. "ऑफिसात. टीव्हीवर. शेजारचा माणूस सँडविच खात होता, आणि पडद्यावर माझी बहीण आजीचा उघडा खड्डा सगळ्या देशाला दाखवत होती."

"फोन केला होता तुला."

"मीटिंगमध्ये होतो."

"मग खड्ड्याने तुझी मीटिंग संपायची वाट बघायची होती का?"

"विचारायचं होतंस, ताई. आजी माझीही होती."

हे मात्र तबिथाला लागलं. त्या दिवशी तिने सगळ्या मावश्यांना, आत्यांना विचारलं होतं. सॉलोमनला विचारायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मनातल्या मनात तिने त्याला कधीच केर्न्सचा करून टाकलं होतं.

सात वर्षांपूर्वी देवळातल्या चार बायकांनी पलंगपोसांवर होडीच्या रंगाने अक्षरं रंगवली आणि त्या धक्क्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याकडे बघायला दोन कुत्री आणि टपालाचा वैमानिक एवढेच होते. पुढे तबिथा ते पलंगपोस घेऊन कुठे कुठे गेली. कोळशाच्या खाणींना परवाने देणाऱ्या मंत्र्यांच्या दारात बसली, थंडीत कुडकुडली, शाळाशाळांतून बोलली. शेवटी बेटाने सरकारवरच दावा लावला: तुमच्या धुराने समुद्र चढतोय आणि आम्हाला सांभाळणं तुमचं काम आहे. पुढच्या आठवड्यात न्यायाधीशबाई स्वतः बेटावर येणार होत्या. शाळेच्या ओसरीवर कोर्ट बसणार होतं. पहिली साक्ष आईची.

"वाद नको आता," तबिथा म्हणाली. "साक्षी होऊ दे. सगळा देश बघतोय. आपल्याच घरातून प्रेतं हलायला लागली तर सरकारी वकील म्हणेल, बघा, निघालेत हे."

"म्हणजे बाबा तुझ्या खटल्यासाठी इथे राहायचे? नुसता वेळेचा अपव्यय आहे तो."

"सॉलोमन," आई म्हणाली.

दोघंही थांबली. आईने दोरा दातांनी तोडला, फूल बोटाने दाबून सारखं केलं.

"तुझ्या बाबांना कुणी हात लावायचा नाही. ते एक झालं. आणि दुसरं म्हणजे, मी जाणार आहे तुझ्याबरोबर केर्न्सला. राहायला."

अंगणात नुसता वारा होता. वायव्येचा कुकी, पावसाळी, सकाळपासून वाढत चाललेला. एफ्रेममामाने हातातला दगड खाली ठेवला.

"थट्टा करतेस का, आई?" तबिथाने विचारलं.

"थट्टा कसली? त्याच्या लेकीला बाळ झालंय. माझं पहिलं पणतवंड. ते फोनमध्ये बघून माझे डोळे फुटायची वेळ आली. आणि तिथे त्या दुकानात सरकता जिना आहे. उभं राहिलं की आपोआप वर. माझ्या गुडघ्यांना विचार, त्यांना काय वाटतं त्या जिन्याबद्दल."

मामा खड्ड्यात तोंड घालून हसला. तबिथाला हसू आलं नाही.

"तू पहिली साक्षीदार आहेस, आई."

"आहे ना. पण तबी, तू माझं नाव लिहून दिलंस तेव्हा मला काय विचारलंस? 'आई, उन्हात बसवेल ना?' एवढंच. तुला जायचंय की राहायचंय, हे विचारलंस का?"

आम्ही हलणार नाही, हे ती जगभर सांगत फिरली होती. त्या 'आम्ही'त आई सगळ्यांत पुढे उभी होती.

"उधाणाचे दिवस आले की मी पिशवी उशाशी घेऊन झोपते," आई हळू म्हणाली. "तुला वाटतं मला झोप लागते. मी कान देऊन पडलेली असते. दमले गं मी."

सॉलोमन आईशेजारी चटईवर बसला. तबिथाला वाटलं, आत्ता याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसलं तर मी याला या खड्ड्यात लोटून देईन. पण तो तिच्याइतकाच गांगरलेला होता. "तिने मला काहीच सांगितलं नव्हतं, ताई," तो म्हणाला. "मी खोली रंगवून ठेवली होती, पण ती 'नाही'च म्हणेल असं धरून."

"मग आता ती खोली वापर," मामा म्हणाला. "बाकीचं उद्यानंतर. उद्या माझा मेहुणा मोकळा व्हायचाय. त्याच्या डोक्यावर भांडू नका."

*

सकाळी पाणी किनाऱ्यावरच्या बांधावरून नाही आलं. नव्या बांधाने समुद्र अडवला होता. पाणी मागून, खाजणातून, तिवरांच्या मुळ्यांमधून आलं, आवाज न करता. मिरवणूक निघायची म्हणून लोक देवळापाशी जमले तेव्हा दफनभूमीच्या रस्त्यावर पावलं बुडतील एवढं होतं. पाद्रीबाबांची प्रार्थना होईपर्यंत ते पोटरीला आलं. कॅलेंडरातल्या भरतीपेक्षा हे कितीतरी वर होतं. कुकीने सगळा समुद्र बेटावर ढकलला होता.

वारा मात्र पडला होता. ढगही विरळ झाले होते. तबिथाने रस्त्याच्या टोकाशी उभं राहून बघितलं. जिथे दफनभूमी होती तिथे आभाळ पसरलं होतं. पाणी इतकं निश्चल होतं की पांढरे क्रूस आणि दगड त्यात दुहेरी दिसत होते. अर्धे वर, अर्धे खाली. मधोमध फुलाफुलांच्या कापडांत गुंडाळलेला बाबांचा दगड.

तिने इतक्या सभांमधून या पाण्याबद्दल सांगितलं होतं, आकडे सांगितले होते, फोटो दाखवले होते. ते इतकं देखणं असेल हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती तशीच उभी राहिली. भीतीही होती आणि नजरही हलत नव्हती.

"पुढे ढकलू या का?" पाद्रीबाबांनी एफ्रेममामाला विचारलं. "दुपारी ओहोटी लागेल. नाहीतर पुढच्या सुट्टीत?"

"पुढच्या सुट्टीत कबर असेल का?" मागून एक म्हातारा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता.

सॉलोमन पुढे आला. काळा कोट, कडक इस्त्री. तबिथाने ओळखलं, आता हा म्हणणार, बघा, सांगत होतो ना.

"मामा," तो म्हणाला, "आईला मी घेतो."

त्याने बूट काढून देवळाच्या पायरीवर ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आईसमोर पाठ करून वाकला. आईने एकदा पाण्याकडे बघितलं, एकदा लेकाच्या पाठीकडे.

"कोट भिजेल तुझा."

"भिजू दे."

"पाडलंस तर बघ. सगळी बेटं बघतायत."

ती त्याच्या पाठीवर बसली. एफ्रेममामाने कमरेचं कापड वर खोचलं आणि पाण्यात पहिलं पाऊल टाकलं. मागून ढोल, मागून गाणारे, मागून सगळे. कुणी कुणाला चला म्हटलं नाही. बायकांनी नवे घोळदार झगे भिजू दिले, ते फुगून पाण्यावर पसरले. लाल, पिवळी, निळी फुलं सगळ्या रस्त्याभर तरंगायला लागली. आधी एका बाईने सूर धरला, मग पुरुषांनी खालून साथ दिली, आणि ते जुनं स्तोत्र बेटाच्या भाषेत उठलं. जमिनीवर गाणं जातं आणि विरतं. पाण्यावरून ते परत येत होतं. तबिथाला वाटलं, समोरूनही कुणीतरी गातंय. तिच्या अंगावर काटा आला, आणि तिने बघितलं तर शेजारी चालणाऱ्या मावशीच्या दंडावरही तो उभा होता.

दगडाभोवती ते मांडीभर पाण्यात उभे राहिले. शेकडो माणसं, कडं करून. मामाने एकेकाचं नाव घेतलं. बाबांच्या होडीवरचा जोडीदार, बहीण, वर्गातला मित्र, ज्याचं त्याने यावं आणि एक कापड उतरवावं. प्रत्येक जण दगडाला हात लावायचा, बाबांशी दोन शब्द बोलायचा, कापड पिळून खांद्यावर टाकायचा. घाई कुणालाच नव्हती. पाणी वर चढतंय हे सगळ्यांना दिसत होतं, पण जणू तेही बोलावलेल्यांपैकीच एक होतं.

शेवटचं कापड उरलं. काल शिवलेलं.

"हे दोघांनी," मामा म्हणाला. "तबी. सॉलोमन."

असं नाव घरच्यांचं घेत नसत. कडेला थोडी चुळबुळ झाली. पण मामा मामाच होता. सॉलोमनने आईला मामाच्या हाती दिलं. दोघं पुढे झाली. ओल्या कापडाची गाठ सुटेना. तबिथाने एक टोक धरलं, सॉलोमनने दातांनी गाठ सोडवली, अगदी लहानपणी जाळ्याची सोडवायचा तशी, आणि कापड खाली आलं.

काळा, गुळगुळीत दगड. वर बाबांचं नाव, त्याखाली त्यांच्या कुळाचं देवक, शेपूट वळवून पोहणारा शार्क. कोरलेल्या शार्कच्या पोटाला पाणी टेकलं होतं.

गाणं थांबलं होतं. त्या शांततेत तबिथाच्या मांडीला काहीतरी घासून गेलं. तिने खाली बघितलं. हातभर लांबीचं शार्कचं पिल्लू, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. उधाणात ही पिल्लं खाजणात शिरतात, यात नवल काही नाही. पण ते शेकडो माणसांच्या पायांमधून, गवत आणि भिजल्या फुलांवरून निवांत पोहत आलं. दगडाला त्याने एक वळसा घातला, अगदी अंगाला लागून, आणि तसंच निघून गेलं.

कुणी बोट दाखवलं नाही. कुणी ओरडलं नाही. ज्यांना दिसलं त्यांनी माना खाली घातल्या, आणि ज्यांना दिसलं नाही त्यांनी त्यांच्याकडे बघून घातल्या. सॉलोमनचा हात दगडावर होता. तबिथाने त्यावर आपला हात ठेवला.

"मी नेणार नाही यांना," तो एवढंच म्हणाला.

"हं," ती म्हणाली.

दुपारी पाणी उतरलं. ओल्या कपड्यांनीच जेवणं झाली. भट्टीत थोडं पाणी शिरलं होतं, त्यामुळे वरचं मांस मऊ आणि खालची रताळी कच्ची राहिली, आणि त्यावरून मामाची पोट दुखेपर्यंत थट्टा झाली. संध्याकाळी ढोल वाजला तेव्हा सॉलोमन नाचात उतरला. पावलं विसरला होता. त्याच्यापुढे नाचणाऱ्या भाच्यांनी ती त्याला मुद्दाम सावकाश करून दाखवली.

तबिथा आईजवळ जाऊन बसली. "आई, तुला जायचं तर जा," ती म्हणाली. "कोर्टात तुझ्याऐवजी मी बोलेन."

"का? मला तोंड नाही?"

"तू जाणार म्हणालीस तर खटला..."

"तुझा खटला माझ्या खोट्यावर उभा राहायचा असेल तर तो वाहून गेलेल्या जुन्या, वाळूच्या गोण्यांच्या बांधासारखाच आहे." आई नाचणाऱ्यांकडेच बघत होती. "मी जे आहे ते सांगणार. तुला भीती वाटत असेल तर मागे बस."

*

न्यायाधीशबाई आल्या तो दिवस कोरडा, लख्ख होता. त्यांना आधी दफनभूमी दाखवली. त्या बराच वेळ आजीच्या रिकाम्या खड्ड्यापाशी उभ्या होत्या. मग शाळेच्या ओसरीवर लाकडी बाकांवर सगळे बसले.

दुभाष्याचं विमान शेजारच्या बेटावरून उडालंच नव्हतं. आईला इंग्रजी कळायचं, पण मनातलं सांगायला ते पुरायचं नाही. दोन्ही बाजूच्या वकिलांनी कुजबुज केली. आईने बाकावरूनच बोट केलं. "तो सांगेल. सरकारी ऑफिसात नोकरीला आहे. सरकारला त्याचं इंग्रजी कळतं."

लोक हसले. न्यायाधीशबाईही हसल्या, दोन्ही वकिलांकडे बघितलं, कुणाची हरकत नव्हती. सॉलोमनला शपथ दिली. नियम समजावला: साक्षीदार 'मी' म्हणाली की तुम्हीही 'मी'च म्हणायचं.

तबिथा शेवटच्या बाकावर बसली.

आईने सांगितलं ते सॉलोमन सांगत गेला. मी इथे जन्मले. माझी सासू इथे होती, आता नाही. मी उधाणात पिशवी उशाशी घेऊन झोपते. त्याचा आवाज सपाट होता, ऑफिसातला.

मग सरकारी वकील उठला. सभ्य, तरुण, मानेवर ऊन लागलेला. "आजी, तुम्ही केर्न्सला राहायला जाणार आहात असं कळलं. खरं आहे का?"

तबिथाने डोळे मिटले.

"खरं आहे," आई म्हणाली.

"खरं आहे," सॉलोमन म्हणाला.

"मग बेट सोडायला तुमची हरकत नाही, असं म्हणता येईल?"

आईने जरा विचार केला. मग ती वकिलाकडे नाही, न्यायाधीशबाईंकडे वळून बोलायला लागली, आणि सॉलोमन तिच्यामागून.

"मी म्हातारी आहे. मला पणतवंड मांडीवर घ्यायचंय. माणसं आधीही जायची. माझा नवरा मोती काढायला जायचा, महिनोन्‌महिने नसायचा. माझा मुलगा गेला. जाण्याचं आम्हाला काही वाटत नाही."

ती थांबली. ओसरीवर पंख्याचा आवाज होता.

"पण जो तो परत यायला जायचा. मुलगा एकवीस वर्षांनी आला. त्याच्या बापाच्या दगडापाशी पाण्यात उभा राहिला, तेव्हा त्याचं घर त्याला सापडलं. मलाही परत यायचंय. जिवंत नसेन तेव्हाही. नवऱ्याशेजारी माझी जागा आहे."

सॉलोमन मध्येच अडखळला. आईने त्याच्या गुडघ्यावर हलकेच चापट मारली, पुढे सांग म्हणून, आणि शेवटचं वाक्य त्याच्याकडे बघून म्हटलं.

तो उठून उभाच राहिला. नियमात उभं राहायचं नव्हतं, पण कुणी त्याला बस म्हटलं नाही. इतकी वर्षं तबिथाने शेकडो लोकांसमोर जे सांगायचा प्रयत्न केला होता, ते तिच्या धाकट्या भावाने, या खटल्याला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्या भावाने, त्या लख्ख दुपारी मोडक्या आवाजात एका वाक्यात सांगितलं.

"मी जाईन," सॉलोमन म्हणाला, "पण मला परत यायला बेट हवं."